पानशेत्या, चांदोबा आणि एक जून

साताऱ्याच्या आमच्या घरात कुणाचाही जन्म तारखेनं सांगायची पद्धत नव्हती. आजीचं पंचांग वेगळं होतं. थोरले काका ‘भाताच्या लोंब्या भरत होत्या तेव्हाचे’. मधले ‘पत्री सरकारच्या धामधुमीतले’. धाकटी आत्या १९४८ च्या फेब्रुवारीतली. गांधीजींच्या खुनानंतर आमच्या भागात ब्राह्मणांची घरं जळाली, त्यात गावाकडचं आमचंही गेलं. तिच्याबद्दल ‘जळितात झाली’ एवढंच सांगत आणि विषय बदलत. त्या आठवड्याचं वर्तमानपत्र काढून बघावं असं आमच्या घरात आजवर कुणाला वाटलेलं नाही.

आमच्या पिढीचं तसं नव्हतं. साठ ते बहात्तर या काळात जन्मलेले आम्ही चुलत-आते-मामे मिळून डझनभर तरी होतो आणि ‘तू कोणत्या बातमीचा?’ हा आमचा गच्चीवरचा लाडका खेळ होता. हल्ली मोबाइलवर तारीख टाकली की जगभरच्या घडामोडी समोर येतात, त्यामुळे मुलांना त्यात मजा वाटत नाही. आम्हाला ती बातमी आजी, आत्या, काकू यांच्याकडून मिळायची. त्यांची तीन कथनं एकमेकींशी जुळायची नाहीत आणि खरी गंमत तिथेच होती.

सगळ्यांत मोठा मान आतेभावाचा. मोठी आत्या नारायण पेठेत दिलेली आणि पहिल्या खेपेला रीतीप्रमाणे साताऱ्याला माहेरी आलेली. १२ जुलै १९६१ ला सकाळी तिला मुलगा झाला. आजोबांनी पेढ्यांच्या आधी पुण्याला तार करायला माणूस धाडला. त्याच सकाळी पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं गेलं आणि मुठेचं पाणी पेठांत घुसलं. तार कुठे अडकली कुणास ठाऊक. बापाला मुलगा झाल्याचं बऱ्याच दिवसांनी कळलं आणि आत्याला नवरा जिवंत असल्याचं त्याहून उशिरा. त्या दिवसांबद्दल आत्या एकच सांगायची : रेडिओपाशी तिला कुणी जाऊ दिलं नाही. बाळंतिणीच्या कानावर असलं काही घालायचं नाही असा आजीचा हुकूम होता, आणि बाहेरच्या खोलीतला रेडिओ एकदम गप्प झाला म्हणूनच तिला शंका आली. मुलाचं नाव चांगलं बारशात ठेवलेलं, पण घरात तो आजही ‘पानशेत्या’च. पुढे त्यानं वाचनालयात जाऊन १२ जुलैचा अंक काढला, तर त्यात पुराचा शब्द नाही. असणार कसा? अंक रात्री छापलेला, धरण सकाळी फुटलेलं. मातीचं ते धरण वाचवायला लष्कराचे जवान वाळूची पोती रचत होते तेव्हा छापखान्यातली कामं उरकत आलेली असणार. जन्मदिवसाचा पेपर म्हणजे आदल्या दिवसाचा पेपर, हे घरात पहिल्यांदा त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं ते सगळ्यांना ऐकवून ऐकवून जीव नको केला.

भूकंपाची मात्र आमची ताई. खरं तर ती ६ डिसेंबर १९६७ ची, म्हणजे भूकंपाआधीची. पण आजीच्या हिशेबात तो तिचाच भूकंप. पाचवीची पूजा झाली, पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवली, सटवाईनं रात्री येऊन कपाळावर लिहायचं म्हणून दिवा तेवत ठेवला. पहाटे चारच्या पुढे, ११ तारखेला, कोयनेच्या भूकंपानं घर हललं. मडकी फुटली, कौलं घसरली, बाळ-बाळंतिणीला गोधड्यांसकट उचलून अंगणात नेलं. थंडी डिसेंबरची, बाजेखाली शेगडी. तिकडे कोयनानगरात दीडशेहून अधिक माणसं गेली, ते दिवस वर आल्यावर कळत गेलं. आजीचा निकाल मात्र त्याच सकाळी लागला होता : सटवाई लिहायला बसली आणि हात हलला. ताईचं अक्षर वाईट, दोनदा बदली, लग्न लांबलं, सगळ्याचं कारण एकच. ताईनं ६ डिसेंबरचा अंक कधी शोधला नाही. मला तो भूकंपच पुरे, म्हणते.

चुलतभावाची गोष्ट थोडी नाजूक आहे, कारण तो अजून रागावतो. जन्म २० जुलै १९६९, रविवारी संध्याकाळी. माणूस चंद्रावर उतरला त्याच दिवशी म्हणून घरात तो ‘चांदोबा’. शाळेत, कॉलेजात, लग्नाच्या मुलाखतीतसुद्धा त्यानं हे सांगितलं. पण यान उतरलं ते आपल्या घड्याळाप्रमाणे २१ जुलैच्या पहाटे पावणेदोनला, आणि आर्मस्ट्राँगचं पाऊल पडलं सकाळी साडेआठच्या सुमारास. तोवर चांदोबा दूध पिऊन दोनदा झोपला होता. अमेरिकेत तेव्हा वीसच तारीख होती हे खरं, पण तो साताऱ्यात जन्मला. बरं, २० जुलैच्या पेपरात काय? आदल्या रात्री इंदिरा गांधींनी आकाशवाणीवरून जाहीर केलेलं चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण, त्यात आपली बँक ऑफ महाराष्ट्रही. चांदोबा पुढे बँकेतच चिकटला आणि तिथूनच निवृत्त होणार आहे. पानशेत्यानं ही जोडी लावून दाखवली त्या दिवाळीत दोघं दोन दिवस बोलत नव्हते.

शेंडेफळ, माझी सख्खी बहीण, २४ ऑगस्ट १९७१ ची. गणेश चतुर्थी, आणि ओव्हलवर वाडेकरच्या संघानं इंग्लंडला चार गडी राखून हरवलं तो दिवस. घरातले पुरुष आरतीच्या वेळीही रेडिओच्या आसपास घोटाळत होते. आई दवाखान्यात आहे याची आठवण कुणाला होती याबद्दल आईला शेवटपर्यंत शंकाच होती. त्या तारखेच्या अंकात चंद्रशेखरनं ३८ धावांत घेतलेले सहा बळी आणि इंग्लंडचा १०१ धावांत उडालेला डाव, कारण तो आदल्या दिवशीचा खेळ. विजयाची बातमी वाचायला एक दिवस थांबावं लागतं.

माझं सांगायचं तर मी दोन दिवशी जन्मलो. खरा ६ जून १९६६ ला, सोमवारी. आदल्या रात्री अर्थमंत्री सचिन चौधरींनी रुपयाचं अवमूल्यन जाहीर केलं होतं. ‘हा आला आणि रुपया पडला,’ असं वडील पाहुण्यांना सांगत आणि स्वतःच मोठ्यानं हसत. पण शाळेत घालताना गुरुजींनी बघितलं, पाच दिवसांपायी पोराचं वर्ष वाया जातंय. त्यांनी सहाचा एक केला. त्यामुळे दाखल्यावरचा मी जन्मलो तेव्हा डॉलर ४ रुपये ७६ पैशांना होता, आणि खरा जन्मलो तेव्हा साडेसात रुपयांना. त्याची किंमत पुढे मोजली. सरकारी नोकरीत एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. ३१ मेला आमच्या कचेरीत हार कमी पडले, इतके आम्ही ‘एक जून’वाले होतो. थोरले काकाही त्याच तारखेचे. लोंब्या जूनमध्ये भरत नाहीत हे त्यांना माहीत होतं, पण त्यांना ती तारीख आवडायची, कारण १ जून १९३० ला डेक्कन क्वीन सुरू झाली आणि १ जून १९४८ ला पुणे–नगर अशी पहिली एस.टी. धावली. ‘आपला वाढदिवस महाराष्ट्रात चाकांवर असतो,’ म्हणायचे.

मी दोन्ही अंक काढून बघितले. मथळ्यांनी फार काही दिलं नाही, ते कुठेही सापडतात. मी रमलो आतल्या पानांत. धान्याचे भाव, डोंगरे बालामृत, मर्फी रेडिओवालं गोंडस बाळ, नाटकांच्या जाहिराती. आई त्या आठवड्यात काय ऐकत होती, वडिलांना पिठाची चिंता का होती, हे तिथे कळतं.

तुम्हाला शोधायचं असेल तर आधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईकडे जा. ती तिथी सांगेल, महिना सांगेल, पाऊस होता की नाही ते सांगेल. त्यावरून जुन्या दाते पंचांगात तारीख काढा. पुण्या-मुंबई-ठाण्याच्या जुन्या ग्रंथसंग्रहालयांत वर्तमानपत्रांच्या बांधीव फायली मिळतात. पानं ठिसूळ झालेली असतात, सावकाश उलटा. जन्मदिवसाचा अंक मागाल तेव्हा पुढच्या दोन दिवसांचेही मागा. आणि तारीख दाखल्यावरची नेऊ नका.