सहा किलो कापूस

ठाण्याच्या राम मारुती रोडवर गादी घ्यायला गेलं, की चपला काढून आधी झोपूनच बघा म्हणतात. माझी भाचेसून झोपली नाही. तिने तळवा दाबून पाहिला, कोपरा उचलून दुमडायचा प्रयत्न केला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. स्प्रिंगची दुमडत नाही. फोमची दुमडते, पण लगेच उसळते. तिला हवी होती निव्वळ कापसाची गादी. रोज सकाळी घड्या घालून कपाटात जाणारी, ऊन पडलं की गॅलरीच्या कठड्यावर लोळणारी. जपानीत अशा गादीला फुतोन म्हणतात, पण मोबाइलवर ‘फुतोन’ शोधावं, तर आपल्याकडे सोफा-कम-बेड समोर येतो.

मुलगी जपानची, नागोयाकडची. लग्न होऊन घोडबंदर रोडला आली. लोकलची गर्दी, तिखट, आमच्याकडचे गणपती, सगळं अंगवळणी पडलं. पलंग मात्र नाही.

‘‘कापसाची गादी आता कोण भरतं, मॅडम?’’ दुकानदार म्हणाला.

‘‘कल्याणला भरतात,’’ मी म्हटलं. माझं माहेर कल्याणचं. दिवाळीच्या आधी खांद्यावर धुनकी घेतलेला पिंजारी दारात यायचा आणि दुपारभर अंगणात तांतीचा आवाज चालायचा. ती मंडळी आता दारोदार फिरत नसली, तरी एखादं दुकान उरलं असेल अशी खात्री होती. गादी शोधायची नाही, पिंजणारा शोधायचा, हे मला त्या काचेच्या शोरूममध्येच कळून चुकलं.

मुद्दाम स्लो लोकल घेतली. दुपारची, बसायला जागा मिळणारी. कळवा गेलं, मुंब्र्याला एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला खाडी आली, तेव्हा भाचेसून एक गोष्ट सांगू लागली. इ.स. ७९९ मध्ये त्यांच्याकडच्या मिकावा प्रांताच्या किनाऱ्याला, म्हणजे आजच्या आइची प्रांतात, एक परका तरुण लहान होडीतून वाहत येऊन लागला. त्याच्याजवळ कापसाचं बी होतं आणि एकतारी वाद्य होतं. पुढे त्याने स्वतःला ‘तेन्जिकू’चा, म्हणजे हिंदुस्थानातला म्हणवलं, असं जुन्या बखरीत आहे. ते बी तिथे फार टिकलं नाही. जपानात कापूस रुजला तो कितीतरी शतकांनंतर. तरी निशिओ गावात त्या तरुणाच्या नावाने तेन्जिकू देऊळ आहे आणि ऑक्टोबरात तिथे कापसाचा उत्सव होतो.

मग मीही माझ्याकडची भर घातली. १८९३ साली जमशेटजी टाटांनी निप्पॉन युसेन कैशा या जपानी जहाजकंपनीशी हात मिळवून मुंबई–जपान वाहतूक सुरू करवली. पी अँड ओ कंपनीचं भाडं परवडेना, आणि माल होता मुख्यतः कापूस. वऱ्हाड-खानदेशातल्या त्या गासड्या कसारा घाट उतरून कल्याणवरूनच बंदराकडे जात. आखूड धाग्याचा देशी कापूस गादीत दबून बसत नाही, म्हणून जपानातले गादीवाले आजही तो पसंत करतात, असं ती म्हणाली. तर मग ठाण्यात का मिळू नये, हा तिचा प्रश्न. दिवा, कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली गेली, तरी मला उत्तर सुचलं नाही.

कल्याणला उतरून पारनाक्याच्या पुढे विचारत विचारत एका गल्लीत दुकान सापडलं. मशीन घरघरत होतं, दारापर्यंत कापसाचा धुरळा, आणि दुकानवाल्या चाचांच्या पापण्यासुद्धा पांढऱ्या. मागच्या भिंतीला धुनकी टांगलेली.

‘‘चाचा, ही अजून चालते?’’ तिने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता तारेला बोट लावलं. निशिओच्या उत्सवात अशाच धनुष्याने कापूस पिंजतात म्हणे.

भाव ठरायला वेळ लागला नाही. मापावर मात्र घोडं अडलं. तिला हवी होती साधारण एक मीटर बाय दोन मीटर दहा सेंटिमीटर, आणि आत सहा किलो कापूस.

‘‘बेटी, सहा किलोत गोधडी होते. दहा टाक,’’ चाचा म्हणाले.

‘‘दहा किलो रोज उचलायचे कसे?’’

यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं, कारण आपल्याकडे गादी एकदा घातली की दिवाळीलाच हलते. पुढे भरण्यावरून जुंपली. आपल्याकडे खोळीच्या तोंडातून कापूस कोंबायचा, काठीने बडवून सारखा करायचा आणि टाके मारायचे. तिने लहानपणी पाहिलेलं वेगळं होतं: खोळ उलटी पसरायची, तिच्यावर कापसाचे पदर आडवे-उभे रचायचे, कोपऱ्यांना जास्तीचा कापूस द्यायचा, मग सगळं गुंडाळत खोळ सुलट करायची. चाचा हसले. तरी खोळ पसरली. गुंडाळी उलटताना एक कोपरा रिकामा राहिला. त्यांनी न बोलता ती उकलली आणि पुन्हा रचली. या वेळी कोपरे भरले, तेव्हा पोराला हाक मारून म्हणाले, ‘‘बघून ठेव.’’

टाके थोडेच घातले. फरशीवर थेट घालू नका, खाली चटई टाका, पावसाळ्यात तर रोज उचलाच, नाहीतर बुरशी धरेल, असं त्यांनी बजावलं. कापूस दबला की पिंजून घ्यायला आणा, म्हणाले. जपानातही जुना कापूस असाच पिंजून नव्या खोळीत भरतात, हे मला तेव्हा कळलं.

वळकटी घेऊन लोकलच्या मालडब्यात चढलो. रिकाम्या टोपल्यांपाशी बसलेल्या भाजीवाल्या मावशींनी वळकटी चाचपली.

‘‘किती कापूस?’’

‘‘सहा किलो,’’ भाचेसून म्हणाली.

‘‘फसवलं गं तुला! मापाने तर दहा हवेत.’’

तिने खोळीवर हात ठेवून आडवे-उभे पदर समजवायला सुरुवात केली. दिव्यापर्यंत मावशी पटवून घ्यायला तयार नव्हत्या, आणि मुंब्र्यात एक कोळीणही त्यांच्याच बाजूने बोलू लागली.