सपाट माप

कोपनहेगनच्या टाउन हॉलसमोरून आम्ही आत वळलो आणि लेकीनं पाच वर्षांच्या नातवाचा हात सोडून दिला. माझ्या काळजात धस्स झालं. हिला लहानपणी लक्ष्मी रोडला न्यायची तेव्हा मनगट असं धरायची, की घरी आल्यावरही माझी बोटं उमटलेली दिसत. इथे पोरगं सुटलेल्या वासरासारखं उधळलं आणि कुणी हॉर्न वाजवला नाही. वाजवायला गाडीच नव्हती.

या रस्त्याला स्ट्रॉयेट म्हणतात. खरं तर तो एक रस्ता नव्हेच. एकाला एक जोडलेल्या गल्ल्या नि चौकांची किलोमीटरभराची माळ. 1962च्या नोव्हेंबरात इथल्या मोटारी बंद केल्या तेव्हा दुकानदारांनी ओरड केली होती, की गाडी नाही तर गिऱ्हाईक कुठून येणार? गिऱ्हाईक चालत आलं, पोराबाळांना घेऊन आलं. आणि पोराच्या चालीनं एक किलोमीटर म्हणजे अख्खी दुपार. दुकानदाराला आणखी काय हवं!

एका कॉफीच्या दुकानाबाहेर बाबागाडी उभी. आत दुलईत बाळ गाढ झोपलेलं, आई काचेपलीकडे. मी आपली राखणीला उभी राहिले. "आई, चल ना. इथे थंडीतसुद्धा बाळं बाहेरच झोपवतात," लेक म्हणाली. 1997 साली एका डॅनिश आईनं न्यूयॉर्कला हेच केलं, तर पोलिसांनी तिला अटक केली होती. खरं सांगू? अटक जास्तच झाली, पण न्यूयॉर्कवाल्यांची धास्ती मला कळते. पुढे गेल्यावरही मी दोनदा वळून पाहिलं.

अमागरटोर्वच्या चौकात करकोच्यांचं कारंजं आहे, 1894 सालचं. नव्यानं शिकून बाहेर पडलेल्या सुईणी त्याभोवती फेर धरून नाचतात म्हणे. जवळच्या दुकानात लाकडी माकड भेटलं. काय बोयेसन (काय हे त्याचं नावच) या कारागिरानं ते 1951 साली घडवलं. अंग बरंचसं सागवानाचं, म्हणून मला उगाच माहेरचं वाटलं. हातापायांनी कुठेही लटकतं. किंमत पाहिली, मनात क्रोनचे रुपये केले आणि ते होतं तिथेच लटकवून ठेवलं. या देशात दुधापासून खेळण्यापर्यंत सरसकट 25 टक्के कर. मुलांचं कौतुक आहे, सवलत नाही.

खरी खरेदी झाली ती लेगोच्या दुकानात. लेगो इथलंच, डेन्मार्कमधल्या बिलुंड गावच्या एका सुताराचं. आत एक भिंतच्या भिंत सुट्या तुकड्यांच्या कप्प्यांची. एक डबा घ्यायचा, हवे ते तुकडे भरायचे. वजन नाही, मोजणी नाही, पैसे डब्याचे. अट एकच, झाकण लागलं पाहिजे.

म्हणजे शीग चालणार नाही, सपाट माप! हे मला कळतं. सासूबाई पायलीनं ज्वारी मापायच्या. घ्यायची असली की माप हळूच हलवायच्या, दाणा दाण्यात बसायचा. द्यायची असली की हात अगदी स्थिर. नातू मूठमूठ ओतत होता. मी डबा मागून घेतला, जमिनीवर फतकल मारली. चपटे तुकडे एकात एक अडकवून तळाला, उभे कडेनं, फटींत बारीक चकत्या. मग दोन्ही हातांनी धरून हलका हलका आपटला.

"आजी, अजून बसेल?"

"बसेल की. घाल."

लेक लाजून दुसरीकडे पाहत होती. शेजारी एक डॅनिश आजोबा नातीसाठी भरत होते. ते आधी बघत राहिले, मग त्यांनीही डबा आपटला.

घरी नातवानं सगळं सतरंजीवर ओतलं. संध्याकाळी तेच तुकडे आम्ही दोघं त्याच डब्यात भरायला बसलो, तर झाकण काही केल्या लागेना.