चौथा ठिपका

तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लावला की संगणकातला ट्रक आपोआप आकाशाकडे बघू लागतो, असे मला कोणी सांगितले असते तर मी ती गोष्ट आमच्या गावच्या देवचाराच्या गोष्टींत जमा केली असती. पण हे मी स्वतः पाहिले. लागोपाठ तीन संध्याकाळी, मे २०२५ मध्ये, गुजरातेत पादऱ्याला, माझ्या थोरल्या बहिणीच्या घरी.

पादरा म्हणजे बडोद्यापासून पंधरा-सोळा किलोमीटरवरचे तालुक्याचे गाव. पूर्वी बडोदे संस्थानाचा महाल. भावोजींचे पणजोबा सयाजीराव महाराजांच्या अमदानीत महसुलात कारकून म्हणून इथे आले आणि इथलेच झाले. मीही सरकारी कारकूनच, तेव्हा आमच्या घरात ‘कारकुनाची बहीण कारकुनाच्या घरी पडली’ असा जुना विनोद आहे. त्यांच्या मराठीत गुजराती बसते, ताईच्या मराठीत अजून कोकणी डोकावते, आणि भाचा या दोन्हींची खिचडी बोलतो.

हल्ली तो फारसे बोलतच नव्हता. २०२३ मध्ये जंबुसरच्या रस्त्यावर त्याची मोटारसायकल घसरली. खांद्यातून हाताकडे जाणाऱ्या नसांचे जाळे ताणून तुटले. शस्त्रक्रिया झाली. पण नस वाढते ती दिवसाला साधारण एक मिलिमीटर. खांद्यापासून बोटांपर्यंत सातशे मिलिमीटर धरा, म्हणजे दोन वर्षे झाली. आणि तोपर्यंत तिची वाट बघणारे स्नायूच वाळून जातात. उजवा हात झोळीत, वय बावीस.

मी अर्जित रजा टाकून गेलो तेव्हा तो संगणकावर ‘युरो ट्रक सिम्युलेटर २’ हा खेळ खेळत बसलेला. ताईला तो खेळ डोळ्यांसमोर नको. “रस्त्यानेच हात नेला माझ्या पोराचा, आणि हा परत रस्त्यावरच!” खेळात डाव्या हाताने कळा दाबून ट्रक चालवता येतो, पण आरशात बघायचे, चौकात मान वळवायची, तर उजव्या हाताने माऊस फिरवावा लागतो. तो हात कुठून आणायचा? म्हणून तो नुसता सरळ बघत ट्रक हाकायचा आणि प्रत्येक चौकात कोणाला तरी ठोकायचा.

“मामा, मान तर माझी चांगली आहे ना,” तो म्हणाला. तिथून सुरुवात झाली.

डोके हलवले की पडद्यावरचे दृश्य वळते, असे यंत्र काही नवे नाही. ट्रॅक-आयआर नावाचे तयार मिळते, पण दीडशे डॉलरच्या आसपास. २००७ मध्ये जॉनी ली या अमेरिकेतल्या संशोधकाने खेळण्यातल्या वी रिमोटचा कॅमेरा आणि चष्म्यावरचे दोन अवरक्त दिवे वापरून हेच करून दाखवले, आणि जगभरच्या उद्योगी पोरांनी ते उचलले. आता ‘ओपनट्रॅक’ हे सॉफ्टवेअर फुकट मिळते. नुसता चेहरा ओळखून काम करण्याची सोयही त्यात आहे. ती आम्ही आधी पाहिली. पण भाच्याचा संगणक म्हातारा, खोली अंधारी. चित्र अडखळत चालायचे. मग दिव्यांचा मार्ग.

टोपीवर तीन अवरक्त एलईडी, त्रिकोणात, एक थोडा मागे. यूएसबीच्या पाच व्होल्टवर तिन्ही एका साखळीत, सोबत छोटा रेझिस्टर. मी कला शाखेचा पदवीधर, मला यातले ओ की ठो कळत नाही. भाचा सांगायचा, मी पकडायचो, बाजारातल्या टीव्ही दुरुस्तीवाल्याने सोल्डर मारून दिले. लावले तर काहीच नाही. हा उजेड डोळ्याला दिसत नाही, पण मोबाइलच्या कॅमेऱ्यात जांभळट दिसतो, तिथेही अंधार. एका एलईडीचे पाय उलटे लागले होते, आणि साखळीत एक उलटा म्हणजे तिन्ही बंद. (कचेरीत एका टेबलावर फाइल अडली की काय होते, ते मला ठाऊक आहे.)

कॅमेऱ्याचे उलटे. साध्या वेबकॅममध्ये अवरक्त अडवणारी काचेची बारीक चकती असते, ती काढायची, आणि डोळ्याला दिसणारा उजेड अडवायला पुढे काहीतरी काळे लावायचे. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे धुतलेल्या रंगीत फिल्मचे पूर्ण काळे टोक. आता फिल्म कोणाकडे? ताईने कपाटातून लग्नाच्या निगेटिव्हचे पाकीट काढले. मी घाबरलो. पण काळे ते फक्त सुरुवातीचे टोक, त्यात कोणाचे तोंड नव्हते. दोन तुकडे एकावर एक ठेवले आणि पडद्यावर काळोखात तीनच पांढरे ठिपके उमटले. आकाशात मृग उगवावा तसे!

मान वळवली की ठिपके विझायचे, कारण एलईडीचा घुमट उजेड सरळ फेकतो. पॉलिश पेपरने तो सपाट घासला, उजेड पसरला. श्वासागणिक दृश्य थरथरायचे, म्हणून मधल्या दोन-तीन अंशांत काहीच हलू नये असे ठरवले. मला गंमत वाटली ती पुढच्या भागाची. मान वीस अंश वळली की ट्रकमधली नजर नव्वद अंश वळवायची, कारण पुरी मान वळवली तर पडदाच दिसणार नाही. थोडे वळून पुष्कळ बघायचे, डोळे मात्र समोर.

आणि मग संध्याकाळी सव्वासात. दृश्य एकदम वर उडाले. निळे आकाश. तारा तपासल्या, आकडे तपासले, थोड्या वेळाने आपोआप ठीक. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी भाच्याने ठिपके मोजले. चार होते. त्याच्या पाठीमागे, खांद्याच्या वर, देव्हाऱ्यात ताईने लावलेले निरांजन! ज्योतीत अवरक्त भरपूर. ते कॅमेऱ्याला टोपीवरचेच वाटत होते. आमच्या दिवजांच्या पाच-पाच वाती इथे असत्या तर ट्रक कुठे गेला असता कोण जाणे.

मंद ठिपके वगळायची सोय सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण ती वाढवली की मान वळवताना आमचेच एलईडी वगळले जायचे. देव हलवायचे नाहीत, हे न बोलता ठरलेले. टेबल फिरवावे तर पाठीमागे पश्चिमेची खिडकी येते, आणि सूर्य म्हणजे सगळ्यांत मोठे निरांजन. उरली एकच भिंत. तिथे खिळ्याला व्यायामाची दोरी आणि कप्पी लटकत होती. चांगल्या हाताने ओढून लुळा हात वर न्यायचा, त्यासाठी. सहा महिने तिला कोणी हात लावला नव्हता, आणि तिच्याबद्दल कोणी बोलतही नव्हते.

भाचा गप्प. मी म्हटले, “राहू दे, दिव्याच्या वेळी खेळू नकोस म्हणजे झाले.” ताई स्वयंपाकघरातून आली, स्टुलावर चढली, दोरी काढली. हाताला गुंडाळत गुंडाळत तिची नीट जुडी केली आणि देव्हाऱ्याच्या खालच्या खणात ठेवली, कापूर-वातींच्या शेजारी. मग दिवा लावला.

आम्ही टेबल सरकवले. तीन ठिपके. ट्रक निघाला. भाच्याने मान जराशी उजवीकडे केली, आरसा दिसला, आरशात मागची मोटार दिसली, तो थांबला, ती गेली, मग वळला. पहिला चौक कोणाला न ठोकता. दुसराही.

ताई हात पुसत मागे उभी होती. मला वाटले, आता काहीतरी बोलणार. तिसऱ्या चौकात ती बोलली, “अरे, डावीकडे बघ की! तो सायकलवाला दिसत नाही?”

“खेळात सायकलवाले नसतात गं आई.”

“मग तो खांब आहे. खांब तरी बघ.”