थळची जुनी घरे आणि आपला वारसा

मुंबईहून थळला जाणे अवघड नाही. गेटवेहून लाँचने मांडव्याला उतरावे, तिथून अलिबागची गाडी धरावी आणि अलिबाग येण्याआधीच थळकडे वळावे. पावसाळ्यात लाँच बंद असतात, तेव्हा पेण-वडखळवरून एस.टी. आहेच. नारळी-पोफळीच्या वाड्या मागे पडल्या की कोळीवाडा लागतो. वाळत घातलेली मासळी, ओढून ठेवलेल्या होड्या आणि समोर समुद्रात खांदेरी व उंदेरी हे दोन जलदुर्ग. खांदेरीचे बांधकाम शिवाजी महाराजांनी १६७९ साली सुरू केले. इंग्रजांनी आणि सिद्दीने ते रोखण्याची शिकस्त केली, पण किल्ला उभा राहिला. सिद्दीने मग शेजारच्या उंदेरीवर आपली तटबंदी बांधली. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत खांदेरी आहे.

किल्ल्याकडे पाठ करून आम्ही गावात फिरलो. कौलारू घरे, पुढे पडवी, आत माजघर, मागे परसू. त्यांच्या मधे सिमेंटचे मजले आणि उंच कुंपणाचे बंगले. १९८० च्या दशकात इथे खत कारखाना आला, गावात नोकऱ्या आल्या, नवी बांधकामे आली. पुढे मुंबईकरांनी या किनाऱ्यावर जागा घ्यायला सुरुवात केली. घरात चार भाऊ, वाटण्या झालेल्या, कौले गळतात, लाकूड वाळवीने खाल्लेले. अशा वेळी जुने घर पाडावे असे कोणालाही वाटते, त्यात गैर काही नाही. प्रश्न एवढाच, की पाडण्याआधी हे घर काय होते हे कोणी पाहिले का?

घर जुने असणे आणि ऐतिहासिक असणे यांत फरक आहे. १९५८ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे प्राचीन स्मारक ठरायला वास्तू किमान शंभर वर्षांची लागते. शहरांच्या वारसा यादीत मात्र वयाबरोबर इतर गोष्टीही पाहतात. मुंबईत १९९५ साली वारसा नियमावली आली आणि वास्तूंच्या तीन श्रेणी ठरल्या. बांधणी कशी आहे, तशी दुसरी वास्तू शिल्लक आहे का, मूळ रूप किती टिकले आहे, तिथे कोण राहिले, काय घडले, हे सारे त्यात येते.

वय कसे ओळखावे? ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या नोंदी, सिटी सर्व्हे झाला असेल तर मिळकत पत्रिका, जुने खरेदीखत, हे कागद आधी पाहावेत. मग घरच बोलते. भिंतीच्या दगडांत चुना आहे की सिमेंट? खिळे लोहाराने ठोकलेले की कारखान्यातले? कौल उलटे करून त्यावरचा छाप वाचावा. मंगलोरला कौलांचा पहिला कारखाना १८६५ साली निघाला, त्यामुळे मंगलोरी कौल त्याआधीचे असूच शकत नाही. पण एक ध्यानात ठेवावे. कौले बदलली जातात, म्हणून कौलाचे वय म्हणजे घराचे वय नव्हे.

आता आपल्या घरांकडे येऊ. कोकणातल्या आपल्या वाड्या गावापासून दूर ठेवल्या गेल्या. कुडाच्या भिंती, वर गवत नाही तर झाप, दर दोन-चार पावसाळ्यांनी नवे करायचे. दगड-चुन्याचे घर बांधण्याची ऐपत नव्हती आणि अनेक ठिकाणी मुभाही नव्हती. भिंतीच्या वयावर परीक्षा घेतली तर आपली वस्ती दरवेळी नापास होणार. म्हणून आपण दुसरा प्रश्न लावून धरला पाहिजे : इथे काय घडले?

याच अलिबाग तालुक्यात चरीचा शेतकरी संप १९३३ पासून १९३९ पर्यंत चालला. नारायण नागू पाटील यांनी त्याचे नेतृत्व केले, बाबासाहेबांनी पाठिंबा दिला आणि १९३७ साली खोती नष्ट करण्याचे विधेयक विधिमंडळात मांडले. संपकऱ्यांना आसरा देणारी घरे साधीच होती. महाडचे चवदार तळे हेही एक तळेच, पण १९२७ ने त्याला इतिहासात नेले. परळच्या बी.आय.टी. चाळीच्या खोल्यांत कारागिरीचे काय आहे? पण बाबासाहेब तिथे राहिले, आणि राजगृहात जाईपर्यंत त्यांचा संसार तिथेच झाला. लंडनला किंग हेन्रीज रोडवरच्या १० क्रमांकाच्या घरात ते विद्यार्थी म्हणून १९२१-२२ मध्ये राहिले. ते घर महाराष्ट्र सरकारने २०१५ साली घेतले. तिथे संग्रहालय असू द्यावे की नाही यावर तिथल्या कौन्सिलशी वाद झाला आणि २०२० साली परवानगी मिळाली.

याचा अर्थ जुन्या खोल्यांत माणसांनी कुढत राहावे असा मुळीच नाही. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथल्या बी.डी.डी. चाळींच्या २०७ इमारती शंभर वर्षांच्या झाल्या. कोकणातून आलेल्या आपल्या किती पिढ्या तिथल्या १६० चौरस फुटांत आणि सामाईक संडासांत वाढल्या! ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. त्या माउल्यांना संग्रहालयासाठी थांबा असे म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही. पण इमारत गेली तरी तिची नोंद का जावी? पाहणी आधी झाली तर एखादी खोली, एखादा जिना, निदान नकाशा आणि छायाचित्रे तरी राखता येतात. बुलडोझर फिरल्यावर पाहणी कशाची करणार?

रमाई आवास योजनेतून घरकुल मंजूर झाले की आपल्याकडेही जुने घर पाडले जाते. वाचक बंधु-भगिनींनो, घरकुल जरूर बांधा, पक्के बांधा. मात्र पाडण्याआधी एक दिवस काढा. घराचे चारही बाजूंनी आणि आतून फोटो घ्या. मुलांकडून कागदावर नकाशा काढून घ्या : चूल कुठे, देव काढून टाकले ती जागा कुठे, बाबासाहेबांचा फोटो कुठल्या भिंतीवर. आजीला विचारा, इथे सभा कधी झाली, कोण मुक्कामाला होते, पहिली मुलगी कोणत्या साली शाळेत गेली. उत्तरे वहीत लिहा, खाली सांगणाऱ्याचे नाव आणि तारीख घाला. एक प्रत विहाराच्या कपाटात ठेवा. एखादे घर सगळ्या वाडीच्या चळवळीचे ठाणे होते असे निघाले, तर ग्रामसभेत लेखी ठराव मांडा.

थळच्या समोरचा किल्ला जगाच्या यादीत गेला याचा आम्हाला आनंद आहे. पण यादी करणारे आपल्या वाडीपर्यंत आपोआप येणार नाहीत. पहिली यादी आपणच केली पाहिजे.