कोपरानं मोजलेली ऊब

बाळाच्या अंघोळीचं पाणी आजी कोपर बुडवून बघायची. दिल्लीत मुनिरक्यातल्या खोलीत साके, म्हणजे तांदळाचं जपानी मद्य, गरम करताना मी तोक्कुरीच्या बुडाला तळवा लावतो. पातेल्यातलं पाणी उकळलं की गॅस बंद करायचा आणि चिनीमातीची ती सुरई मानेपर्यंत पाण्यात सोडायची. दोन-तीन मिनिटांनी बूड आपल्याच अंगासारखं लागलं, की झाली 'हितोहादा'. हितोहादा म्हणजे माणसाची त्वचा. आकड्यात 35 अंश. 40 ला नुरुकान, 50 ला आत्सुकान.

जेएनयूत जपानी शिकलो, दुभाषा झालो. वाढायचं मात्र चुकांमधून शिकलो. पहिली चूक महागात पडली. मित्रानं यामागाता प्रांतातल्या तेंदो गावची बाटली आणली होती. देवाझाकुरा या 1892 सालच्या भट्टीची 'ओका', म्हणजे चेरीचा बहर. ही गिंजो जातीची. अशी साके पूर्वी बहुधा स्पर्धांपुरतीच बनवत. 1980 मध्ये या भट्टीनं ती रोजच्या गिऱ्हाइकासाठी बाजारात आणली. मी उत्साहानं ती चहासारखी तापवली. फळांचा वास खोलीभर झाला आणि पेल्यात उरली नुसती जळजळ.

आपल्याकडे तांदूळ एकसडी, दोनसडी असतो. गिंजोसाठी दाणा इतका सडतात, की निदान 40 टक्के भाग भुशात जातो. वरच्या थरातली चरबी आणि प्रथिनं चव जड करतात. आतला पिष्टाचा गाभा उरला तरच तो नाजूक वास येतो. एवढं सडून मिळवलेलं मी पाच मिनिटांत उडवलं होतं. आता गिंजो गारच देतो. दहा अंशांच्या साकेला 'हानाबिए' म्हणतात, फुलांच्या दिवसांतला गारवा. जानेवारीत त्यासाठी फ्रिज लागत नाही. दिल्लीच्या रात्री खिडकीची कड पुरते. ऊब द्यायची ती साध्या, भाताच्या चवीच्या जुनमाई साकेला.

परवा शेजारीण आली. ती आसामच्या दिमा हसाओची. शिजलेल्या भातावर कोजी नावाची बुरशी चढवतात, ती पिष्टाची साखर करते आणि त्याच पिंपात यीस्ट साखरेचं मद्य करतं, असं मी तिला ऐटीत समजावलं. ती हसली. तिच्या घरी जुडिमा नावाचं भाताचंच मद्य करतात. तांदळाच्या पिठात थेम्ब्राची साल कुटून विरजणाच्या वड्या करायच्या, वाळवायच्या आणि भातात कुस्करायच्या. जुडिमाला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं; कोजीची विद्या 2024 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. मुनिरक्याच्या गल्लीत मात्र 'कुठून तरी आंबूस वास येतोय' ही तक्रार तिच्याच दारावर जाते.

जपानी रिवाजात आपला पेला आपण भरत नाहीत. पंगतीतल्या वाढप्यासारखं दुसऱ्याच्या पानावर लक्ष ठेवायचं, पेला तळाला जायच्या आत पुढे व्हायचं. मी तोक्कुरी पाण्यातून काढली, बुडाला तळवा लावला, ओतायला वाकलो. तिनं हात पुढे करून मनगटाची आतली बाजू सुरईला टेकवली.

"अभी नहीं, भैया."

मी सुरई पुन्हा पाण्यात सोडली. मिनिटभरानं तिनंच ती काढली आणि पहिला पेला माझा भरला. ऊब नेमकी होती.