पाच जबान्यांचे चित्र

मुक्काम धुळे

तीर्थस्वरूप मामांस साष्टांग नमस्कार, वि. वि.

आपल्या पत्रातील हरकत मी पुनःपुन्हा वाचली. पाच निरनिराळ्या क्षणी घेतलेली छायाचित्रे एकत्र करून सिद्ध केलेले चित्र म्हणजे पाच साक्षीदारांच्या जबान्या जुळवून सहावी लिहिण्यासारखे आहे, असे आपण म्हणता. आणि ज्यांची उभी हयात कचेरीच्या दप्तरात गेली, त्यांनी हा आक्षेप घ्यावा हे योग्यच आहे. तथापि यावलच्या आपल्या धाब्याच्या घराचाच दाखला मी पुढे करतो. भर वैशाखातल्या दुपारी माजघरात उभे राहिले असता कोपऱ्यातील कणगी, देवळीतील समई आणि उघड्या दारापलीकडे उन्हात झगमगणारी केळीची बाग ही तिन्ही आपणांस दिसतात, कारण दृष्टी जिथे जिथे वळते तिथल्या प्रकाशाशी डोळा स्वतःस जुळवून घेतो. कॅमेऱ्यास मात्र साऱ्या दृश्यासाठी एकच माप पत्करावे लागते, आणि मग एक तर बाग पांढरीफटक होते, नाही तर माजघर काळेठिक्कर पडते.

म्हणून तिपाई पक्की रोवून, छिद्र एफ ८ वर आणि आयएसओ १०० वर कायम ठेवून मी केवळ झडपेचा वेळ १/५०० सेकंदापासून चौपटीने वाढवीत १/२ सेकंदापर्यंत नेला. पहिल्या व शेवटच्या चित्रांतील प्रकाशात सुमारे अडीचशे पटींचे अंतर पडते. एवढा विस्तार कागदावर मावत नाही; संगणकाकरवी त्याचा संकोच करावा लागतो, आणि खरी कसोटी तिथेच आहे. संकोच अतिरेकाने केला की दाराच्या चौकटीभोवती पांढरी प्रभावळ उमटते, आणि चुलीच्या धुराने पिढ्यान्‌पिढ्या काळवंडलेल्या तुळया राखाडी दिसू लागतात. ते निखालस असत्य आहे. तेवढ्यापुरती आपली हरकत मला पूर्ण मंजूर आहे, आणि म्हणूनच तुळयांचा अंधार मी राखला. वाऱ्याने हललेली केळीची पाने पाच चित्रांत पाच जागी होती. तिथे १/५०० चे एकच चित्र प्रमाण मानले.

ही खटपट जुनी आहे. १८५७ च्या सुमारास गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने समुद्र व आकाश वेगवेगळ्या काचांवर घेऊन एका कागदावर उतरविले, कारण तत्कालीन लेपावर निळ्या प्रकाशाचा परिणाम इतका त्वरित होई की लाटा उमटेपर्यंत आकाश कोरे पडे. १९९७ मध्ये पॉल डेबेवेक आणि जितेंद्र मलिक यांनी अशा अनेक छायाचित्रांतून दृश्यातील प्रकाशाची मूळ प्रमाणे परत काढण्याची गणिती रीत मांडली. आपल्या चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस (१९१२–१९८९) यांची वाट मात्र निराळी. टेबलावर रचलेल्या दृश्यात प्रकाशच हुकमतीत ठेवता येतो, आणि त्या साधनेपुढे मी नतमस्तक आहे. यावलच्या उन्हाला ती मर्यादा घालता येत नाही, म्हणून मला पाच जबान्यांची गरज पडली.

पुढे तापी-पूर्णेच्या संगमावरील चांगदेवाच्या देवळात हाच प्रयोग करण्याचा मानस आहे. ते संरक्षित स्मारक असल्याने तिपाई लावण्यास पुरातत्त्व खात्याची परवानगी घ्यावी लागेल. अर्जाचा मसुदा आपल्या हातचा असावा, अशी इच्छा आहे. शक्य तर आपण स्वतः बरोबर यावे आणि चित्र व देऊळ समोरासमोर ठेवून फैसला द्यावा.

मामींस सा. न. कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला आज्ञाधारक,
भाचा