कयाधूकाठचे ताट

अकोल्याहून पूर्णा जंक्शनकडे जाणारी गाडी वाशीम मागे टाकते आणि थोड्याच वेळात हिंगोलीच्या काळ्या रानात शिरते. हा मार्ग अनेक दशके मीटरगेज होता. २००८ साली तो रुंद झाला. निजामी अमलात हिंगोलीला हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती आणि छावणीभोवती बाजारपेठ वाढत गेली. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा निघालेला हा जिल्हा पाच तालुक्यांचा : हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत. एका अंगाला पैनगंगा, मधून कयाधू, दक्षिणेला पूर्णा. सोयाबीन, तूर, हरभरा, कापूस आणि हळद या मालावर येथील पेठा उभ्या आहेत, आणि त्या पेठांतील अडत व किराणा दुकानांच्या गाद्यांवर जैन कुटुंबे पिढ्यान् पिढ्या बसत आली आहेत.

वसमतची हळद प्रसिद्ध आहे. शेतातून निघालेली ओली हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करून पेठेत येते. उन्हाळा तापू लागला की हिंगोली व वसमतच्या यार्डात हळकुंडांचे ढीग पडतात आणि पिवळी धूळ माणसांच्या पापण्यांवरही बसते. ओली हळद कंद म्हणून वर्ज्य, वाळलेली मात्र ग्राह्य, हा भेद येथील श्राविकांना शाळेत जाण्याआधीच ठाऊक असतो. आजारपणात दुधातून हळद देण्याची रीतही घरोघरी आहे. ज्या विकाराविषयी पुढे लिहिले आहे, त्यावर मात्र हळद हे औषध नव्हे. पोटात फळशर्करा शोषली जाण्याच्या क्रियेशी तिचा संबंध नाही. हळदीच्या गावात हे स्पष्ट सांगणे आवश्यक आहे, कारण तेथे प्रत्येक दुखण्यावर प्रथम हळदीचाच डबा उघडला जातो.

औंढ्याहून वसमतकडे जाताना शिरड शहापूर लागते. येथील भगवान मल्लिनाथांचे दिगंबर जैन अतिशय क्षेत्र मराठवाड्यात सर्वपरिचित आहे. मूर्ती पूर्वी नांदेडजवळच्या अर्धापूर येथे होती आणि निजामी काळात ती येथे आली, असे परंपरा सांगते. औंढ्याचे नागनाथ ज्योतिर्लिंग आणि संत नामदेवांचे जन्मस्थान मानले गेलेले नर्सी यांच्या वाटेवरच हे क्षेत्र असल्याने दूरच्या यात्रेकरूंचा फेरा एकाच दिवसात पूर्ण होतो. तो फेरा पूर्ण करताना यात्रेकरूच्या पोटात काय जाते, हे मात्र क्वचितच कोणी पाहते. सकाळी गाडीत सफरचंदाच्या फोडी, वाटेत कलिंगड, डब्यात खजूर आणि मनुका, दुपारी गव्हाच्या पोळ्यांबरोबर आमरस, आणि संध्याकाळी सूर्यास्तापूर्वी घाईने उरकलेले जेवण. रात्री पोट फुगते, आतड्यांत गुडगुड होते, कळा येतात, पहाटे दोनतीनदा उठावे लागते. पाणी बदलले, असे म्हणून विषय संपतो. वर्षानुवर्षे हेच घडत राहिले की माणूस यात्राच टाळू लागतो. लग्नाच्या पंगतीत बसत नाही, दुकानातून वारंवार उठावे लागते म्हणून गल्ल्यावर मुलाला बसवतो.

अशा सर्वांना एकच विकार असतो असे नाही. परंतु त्यांतील काहींच्या त्रासाचे मूळ फ्रुक्टोज, म्हणजे फळशर्करा, नीट न शोषली जाण्यात असते. लहान आतड्याच्या अस्तरात फ्रुक्टोज आत घेणारे एक वाहक प्रथिन असते. शास्त्रज्ञ त्यास ग्लुट-५ म्हणतात. या वाहकाची क्षमता प्रत्येकात निराळी आणि मर्यादित. मर्यादेबाहेरचे फ्रुक्टोज न शोषता मोठ्या आतड्यात उतरते. तेथील जीवाणू ते आंबवतात, त्यातून हायड्रोजन व इतर वायू सुटतात, आणि न शोषलेली साखर आपल्याबरोबर पाणी ओढून घेते. फुगणे आणि पातळ होणे, दोन्ही यातूनच. निरोगी माणसालाही एकदम भरपूर फ्रुक्टोज दिले तर ते सारे शोषले जाईलच असे नाही. म्हणून यास रोग म्हणण्यापेक्षा सोसण्याची मर्यादा म्हणणे अधिक योग्य.

यातली एक खुबी व्यापाऱ्यास चटकन उमगेल. फ्रुक्टोजबरोबर तितकेच ग्लुकोज असेल तर ते पुष्कळ सुलभतेने शोषले जाते; जणू जोडीदाराच्या जामिनावर माल आत सोडला जातो. साखर व गूळ यांत दोन्ही समसमान असतात, म्हणून माफक गुळाची पोळी ज्याला सोसते त्यालाच सफरचंद सोसत नाही. सफरचंदात फ्रुक्टोज ग्लुकोजच्या दुपटीहून अधिक असते, आणि वर सॉर्बिटॉल नावाची आणखी एक दुष्पाच्य शर्करा असते. नासपतीचे तेच. आंबा आणि कलिंगड यांतही फ्रुक्टोजचे पारडे जड. आजाऱ्याला भेटायला जाताना सफरचंदांची पिशवी नेण्याची आपली पद्धत या रुग्णाच्या बाबतीत अगदीच उलटी पडते.

येथे जैन आचाराची एक बाजू लक्षात घेण्याजोगी आहे. मधातही फ्रुक्टोज ग्लुकोजहून अधिक असते, आणि मद्य, मांस, मधु व पाच उदुंबर फळे यांचा त्याग हे श्रावकाचे अष्टमूलगुण. कांदा व लसूण यांत फ्रुक्टोजच्या साखळ्यांनी बनलेले फ्रुक्टान असते. ते कोणाच्याच लहान आतड्यात पचत नाही आणि संवेदनशील पोटाला फार छळते. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातील संशोधकांनी २००५ च्या सुमारास अशा आंबणाऱ्या शर्करांचा एक गट मांडून त्या कमी करणारा आहार सुचविला, तेव्हा जगभरातील रुग्णांना सर्वांत कठीण गेले ते कांदा-लसूण सोडणे. शिरड शहापूरला येणाऱ्या श्रावकाच्या घरी ते मुळातच नसतात. अर्थात या त्यागामागे अहिंसा व संयम आहेत, आतड्यांचा विचार नव्हे. लाभ मिळाला म्हणून कारण बदलत नाही, आणि व्रताला वैद्यकाच्या दाखल्याची गरजही नाही.

निम्मे काम असे आधीच झालेले असले, तरी उरलेले निम्मे जैन स्वयंपाकघरातच दडलेले आहे. गव्हातही फ्रुक्टान असते. मराठवाड्याचे जुने ताट ज्वारीच्या भाकरीचे. पुढे ज्वारीच्या रानात सोयाबीन आले, घरात गहू आला आणि प्रतिष्ठेच्या पाहुणचारात भाकरी मागे पडली. ज्याचे पोट नाजूक त्याने मात्र भाकरीकडे परतावे. ज्वारी, तांदूळ आणि भगर बहुतेकांना सुखाने सोसतात. हरभऱ्याच्या डाळीचे पदार्थ, विशेषतः फरसाणाचे बशीभर तुकडे, यांत फ्रुक्टोज फारसे नसते, पण दुसरी एक आंबणारी शर्करा असते. त्यामुळे दोष कोणाचा हे कळेनासे होते. मुगाची डाळ बेताने घेतल्यास निभते. चातुर्मासात हिरव्या भाज्या सुटतात तेव्हा ताटात कडधान्ये आणि काही घरांत सुकामेवाही वाढतो; खजूर, मनुका म्हणजे आटवलेली फळशर्कराच. एरवी बरा असलेला माणूस पर्युषणाच्या सुमारास का बिघडतो, याचे उत्तर पुष्कळदा या वाटीत सापडते.

कांद्याच्या जागी फोडणीत हिंग येतो. बाजारातील डबीबंद बांधानी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. चिमूटभर हिंगाने फ्रुक्टोजवाल्याचे काही बिघडत नाही. पण ज्याला गव्हाच्या ग्लुटेनचा खरा विकार, सिलिअॅक, आहे त्याने डबीवरचा मजकूर वाचलाच पाहिजे. दिवाळीला व्यापारी एकमेकांना जी ‘शुगर-फ्री’ मिठाई पाठवतात तिचाही मजकूर वाचावा. तीत सॉर्बिटॉल, माल्टिटॉल किंवा निव्वळ फ्रुक्टोजच असू शकते. मधुमेह्यासाठी काळजीने आणलेला डबा दुसऱ्या एखाद्याची रात्र खराब करतो.

केळ्याची गोष्ट निराळी. मल्लिनाथांची मूर्ती जेथून आली त्या अर्धापूरचा परिसर आज केळीच्या बागांसाठी ओळखला जातो, आणि तो माल वसमत-हिंगोलीकडेही येतो. बटाटा न खाणाऱ्या घरांत कच्च्या केळ्याची भाजी, वेफर्स, कोफ्ते होतात. कच्चे किंवा नुकते पिकू लागलेले केळे नाजूक पोटास चालते. ठिपके पडेपर्यंत पिकलेल्यात फ्रुक्टान वाढते. फळ अजिबात नको असे नव्हेच. पपईची फोड, संत्रे किंवा मोसंबी, तेही एका वेळी एक, जेवणाबरोबर, असे बहुतेकांना जमते.

अक्षय तृतीयेला वर्षीतपाचे पारणे उसाच्या रसाने होते. वसमत परिसरात उसाची शेती आहे, पूर्णा सहकारी साखर कारखानाही तेथलाच. उसाच्या रसातली साखर समसमान जोडीची, म्हणून थोडा रस सहसा बाधत नाही. परंतु उपवासाने रिकाम्या झालेल्या पोटात पेल्यामागून पेला गेला तर जोडीदाराचा जामीनही अपुरा पडतो. तपस्व्याने घोट घोट घ्यावा, आणि आप्तांनी आग्रहाचा पेला हाती देऊ नये.

आता सावधानतेचा मुद्दा. जन्मजात फ्रुक्टोज असहिष्णुता नावाचा एक दुर्मिळ आनुवंशिक विकार आहे. त्यात दोष आतड्यात नसतो. यकृतातील अल्डोलेज-बी हे विकर नसते. बाळाला गुळाचे बोट चाटवले, फळाचा रस दिला की उलट्या, मलूलपणा, रक्तातील साखर घसरणे, यकृताला इजा असे प्रकार होतात. तेथे साखर, गूळ, ऊस, फळ, सारेच वर्ज्य आणि ‘थोडे चालते’ हा वरचा सगळा सल्ला घातक ठरतो. नावे सारखी आहेत म्हणून दोहोंची गल्लत करू नये. गोड दिल्यावर ओकणाऱ्या तान्ह्या बाळाला थेट बालरोगतज्ज्ञाकडेच न्यावे.

मोठ्या माणसाच्या बाबतीतही वजन घटणे, शौचावाटे रक्त, ताप, पंडुरोग, झोपेतून उठवणारी कळ यांपैकी काही असेल तर आहाराचे प्रयोग करीत बसू नये. सिलिअॅकची रक्ततपासणी गहू बंद करण्यापूर्वी करावी. बंद केल्यावर ती फसवी येऊ शकते. फ्रुक्टोजची चाचणी श्वासावर होते : रात्रभर उपाशी राहून सकाळी २५ ग्रॅम फ्रुक्टोजचे पाणी प्यायचे आणि दोनतीन तास ठरावीक अंतराने श्वासातील हायड्रोजन मोजायचा. चौविहार पाळणाऱ्याला यातला उपवास काहीच जड नाही. ही सोय मोठ्या शहरांतच मिळते. तालुक्याच्या गावी डॉक्टर बहुधा आहारावरूनच अंदाज घेतात.

तो आहार असा. दोन ते सहा आठवडे फळे, सुकामेवा, गहू आणि वर सांगितलेल्या इतर वस्तू बाजूस ठेवायच्या. रोज खाल्ले काय आणि झाले काय, हे वहीत मांडायचे. रोजमेळ लिहिणाऱ्या हाताला हे शिकवावे लागत नाही. आराम पडला की एकेक वस्तू परत आणायची. पहिला टप्पा कायमचा करून बसणारेच अधिक आढळतात. आधीच कंदमुळे, रात्रीचे जेवण आणि पर्वतिथीला हिरवी भाजी सुटलेली. त्यात फळे आणि गहूही सुटले तर ताटात उरतेच किती? वृद्धांचे आणि वाढत्या मुलांचे पोषण यानेच खंगते. म्हणून आंब्याचा हंगाम वैऱ्यासारखा टाळायचा नाही. एका दिवशी दुपारी, ज्वारीच्या भाकरीबरोबर, दोन चमचे रस. वहीत नोंद. दोन दिवस थांबून पाव वाटी. पोट बोलले तर एक पायरी मागे. बोलले नाही तर पुढच्या आठवड्यात अर्धी.